मृणालला दार लावायचं होतं

सकाळी फिरून आल्यावर आम्ही चार-पाच निवृत्त मंडळी बाकावर बसतो. प्रत्येकाकडे आपापल्या फजितीचा साठा असतो. कुणाच्या ऑफिसातल्या, कुणाच्या प्रवासातल्या. माझ्या बहुतेक सगळ्या माझ्या मुलीच्या, मृणालच्या, बाळंतपणांत जमल्या आहेत. मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक, डॉक्टरेट वगैरे केलेला. पण प्रयोगशाळेबाहेर माझ्या हातून सरळ काही झाल्याचं फारसं आठवत नाही. सांगताना अजूनही कान गरम होतात. तरी सांगतो, कारण नाहीतर माझी बायको सुधा मीठमसाला लावून सांगतेच.

*

मृणालचं पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी, म्हणजे आमच्याकडे नाशिकला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी दोन पुस्तकं वाचून तयार होतो. पहिलटकरणीला कळा सुरू झाल्या तरी पुष्कळ अवधी असतो, घाई करू नये, असं दोन्ही पुस्तकांत होतं.

सकाळी मृणाल स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "बाबा, निघायला हवं."

"निघू," मी म्हणालो. "पुष्कळ वेळ आहे. मी दाढी करून घेतो."

मी दाढी केली. दोनदा केली, कारण डॉक्टरांना भेटायचं होतं. इस्त्रीचा शर्ट घातला. मग गाडी काढली. हॉस्पिटलच्या फाटकात शिरता शिरता मागच्या सीटवरून सुधाचा आवाज आला, "थांबवा हो." मला वाटलं, पिशवी विसरली.

वॉचमन शिट्टी वाजवत आला. "इथे नाही लावायची गाडी. पेशंट आहे का आत?"

"दोन आहेत," सुधा म्हणाली.

तेव्हापासून मी घरात काहीही मत मांडायला लागलो की सुधा एवढंच म्हणते, "आधी दाढी करून या."

*

दुसऱ्या वेळी मी शहाणा झालो होतो. पहिली कळ येताच सगळ्यांना गाडीत घातलं आणि वेळेत हॉस्पिटलात पोचवलं. मला स्वतःचा अभिमान वाटत होता, ही दुर्मिळ गोष्ट.

मृणालला स्ट्रेचरवर घेऊन कॉरिडॉरमध्ये थांबवलं होतं. ती म्हणाली, "सिस्टर, आलं."

सिस्टर म्हणाल्या, "एवढ्यात नाही येत. डॉक्टर वर आहेत, येतील. आरडाओरडा नको."

मृणालनं माझ्याकडे पाहिलं. आणि मी, जो आयुष्यभर संस्थेवर विश्वास ठेवून जगलो, म्हणालो, "सिस्टर सांगतात ते ऐक, बाळा."

नातू तिथेच झाला. कॉरिडॉरमध्ये. भेटायला येण्याची वेळ होती. कुणाच्या हातात शहाळी, कुणाच्या हातात डबा, एक गृहस्थ मोसंब्यांची पिशवी छातीशी धरून भिंतीला चिकटलेले. सिस्टरनं चादर धरली, पण एक चादर कुठे कुठे पुरणार? मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं, की मी एकेकाकडे जाऊन हात जोडू लागलो. "सॉरी हं. माफ करा. सॉरी."

संध्याकाळी मृणाल मला म्हणाली, "बाबा, एक विचारू? बाळंत मी होत होते. तुम्ही कुणाची माफी मागत होतात?"



*

तिसऱ्या वेळी दोन हजार साल उलटून गेलं होतं. मृणाल आणि जावई हेमंत तोवर आमच्याच घरी, वरच्या मजल्यावर राहायला आले होते. एका रविवारी जेवताना मृणालनं जाहीर केलं, "या वेळी मी कुठेही जाणार नाही. घरीच. आणि पाण्यात."

सुधाच्या हातातला डाव थांबला. "पाण्यात कशाला? म्हैस आहेस का?"

"टबात बसून. कोमट पाण्यात कळा सुसह्य होतात. परदेशात करतात बायका. मी सगळं वाचलंय."

मी विचारलं, "पण मूल पाण्यात बुडणार नाही का?"

"नऊ महिने ते कुठे असतं, बाबा?"

हेमंत ताटात बघून हसला. मला लाज वाटली, पण शंका गेली नाही. मी ग्रंथालयात गेलो, इंटरनेट कॅफेत बसलो, आणि एका मोठ्या कागदावर रेघ मारून डावीकडे फायदे, उजवीकडे धोके लिहून काढले. उजवी बाजू कागदाच्या मागेही गेली. ते सगळं मी मृणालला वाचून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकलं.

"झालं?" ती म्हणाली. "आता माझं ऐका. पहिलं फाटकात झालं, वॉचमनसमोर. दुसरं कॉरिडॉरमध्ये, शहाळी घेऊन आलेल्या लोकांसमोर. तिसरंही असंच धावत येणार, ते मला माहीत आहे. तुम्ही कितीही लवकर गाडी काढा. मला एकदा, फक्त एकदा, दार लावून बाळंत व्हायचंय. एवढंच."

मी कागदाची घडी घातली.

*

पण डॉक्टर तयार होणार कोण? मृणालची शाळेतली मैत्रीण वैशाली स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि आमच्या मागच्याच गल्लीत राहते. ती आधी नाहीच म्हणाली. मग दोघींचं खोलीत बराच वेळ बोलणं झालं आणि ती बाहेर आली.

"काका, मी असली बाळंतपणं करत नाही. पण हिचं रिक्षात करण्यापेक्षा घरात परवडलं. माझ्या अटी आहेत. सगळ्या तपासण्या नीट आल्या पाहिजेत. मी आणि माझी सिस्टर दोघी हजर. गाडी फाटकाशी, तोंड रस्त्याकडे. मी 'बाहेर ये' म्हटलं की हिनं टबातून बाहेर यायचं, वाद नाही. आणि शेवटची अट."

"कोणती?"

"तुम्ही खोलीत नाही."

"मी मदत..."

"तुम्ही दाराबाहेर, काका. दार तुमच्याकडे."

इतका सोपा विषय मला शिकवायलाही कधी मिळाला नव्हता.

*

टब निफाडहून आला. हेमंतच्या आईची तिकडे द्राक्षबाग आहे. फवारणीचं औषध कालवायला आणलेला मोठा निळा प्लॅस्टिकचा टब विहीणबाईंनी टेम्पोत घालून स्वतः आणला.

मी कडेकडेनं फिरून वास घेतला. "यात औषध कालवलं होतं का?"

"नाय हो सर, कोरा हाय," त्या म्हणाल्या. "पाण्याचा थेंब नाय लागला अजून. तुम्ही काय कुत्र्यावानी हुंगताय?"

सुधाला हे वाक्य फार आवडलं.

कोरा असला तरी मी तो अंगणात ठेवून घासायला घेतला. साबण, गरम पाणी, पुन्हा साबण. कॉलनीचे सेक्रेटरी बागूल कुंपणापाशी थांबले. भला माणूस, पण एकदा कळलेली गोष्ट त्यांच्या पोटात राहत नाही.

"सर, एवढा मोठा टब? कशासाठी?"

आता बघा. मी हजारो मुलांसमोर न अडखळता बोललो आहे. पण 'माझी मुलगी यात बाळंत होणार आहे' हे वाक्य काही केल्या तोंडातून निघेना. गणपती आठवड्यावर आले होते. मी म्हणालो, "विसर्जनासाठी. घरच्या घरी करावं म्हणतो. नदीचं पाणी फार खराब होतं."

बागुलांचा चेहरा उजळला. "सर, तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसानं पुढाकार घ्यायचा, बाकीचे येतातच मागे."

"नाही, म्हणजे मी आपलं घरापुरतं..."

पण ते गेले होते. संध्याकाळी कॉलनीच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं: यंदा अनंत चतुर्दशीला सर्वांचं विसर्जन सरांच्या अंगणात.

सुधानं तो फळा वाचला. "आपल्याकडे पोटुशी बाई घरात असली की घरचा गणपतीही हलवत नाहीत. आणि तुम्ही अख्ख्या कॉलनीचे बोलावलेत? जा, सांगून या खरं."

मी गेलो. दुसऱ्या दिवशीही गेलो. प्रत्येक वेळी बागुलांशी पाण्याच्या टाकीवर आणि रस्त्यावरच्या दिव्यांवर बोलून परत आलो. मनाशी म्हणायचो, मृणालची तारीख तर विसर्जनानंतर आठ-दहा दिवसांनी आहे. तोवर सुचेल काहीतरी.

*

एक रंगीत तालीम करावी असं मी सुचवलं. बंबाचं आणि गीझरचं पाणी मिळून टब किती भरतो, किती वेळ कोमट राहतो, माणूस आत बसला की पाणी किती चढतं. शेवटच्याचं गणित मी मांडून दाखवत होतो.

"गणित कशाला?" सुधा म्हणाली. "बसा की आत."

बसलो. अंगणातच, बनियन आणि पायजम्यात, हातात प्रयोगशाळेतला थर्मामीटर. पाणी छान होतं, खरं सांगायचं तर. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा बागूल समोर उभे. मूर्ती मावेल का बघायला मेजरिंग टेप घेऊन आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टबाकडे पाहिलं.

"सर," ते हळूच म्हणाले, "गणपतीच्या आधी तुम्हीच?"

खरं सांगायला याहून चांगली संधी नव्हती. मी म्हणालो, "गळतो का बघत होतो."

*

अनंत चतुर्दशीच्या दुपारी जेवणं आटोपली होती. टब मागच्या खोलीत हलवलेला होता. मृणाल जिन्यावरून उतरताना कठडा धरून थांबली.

"बाबा, वैशालीला फोन."

मी दाढी केलेली नव्हती. तशीच राहू दिली.

वैशाली आणि तिची सिस्टर आल्या. हेमंतनं बंबाच्या बादल्या ओतल्या. विहीणबाई आदल्या दिवशीच आल्या होत्या, त्या आणि सुधा आत गेल्या. दार लागलं. मी बाहेर खुर्ची टाकून बसलो. आतून पाण्याचा आवाज येत होता आणि मधूनमधून मृणालचा, खोल, घशातून आलेला. मी थर्मामीटर हातात घट्ट धरला होता. तो आत द्यायचा राहिला होता.

आणि रस्त्यावरून झांजा ऐकू आल्या.

मी व्हरांड्यात आलो. फाटकातून अख्खी कॉलनी आत येत होती. पुढे बागूल, हातात पाटावर गणपती, कपाळाला गुलाल. मागे जोशीकाकू, शिंपी, पाटील, त्यांची मुलं, प्रत्येक घरचा बाप्पा आणि निर्माल्याच्या पिशव्या.

"सर, टब कुठाय? मागे आहे ना? या रे सगळे, मागच्या खोलीतून जाऊ."

बागूल पायऱ्या चढू लागले. मी घरात शिरून मागच्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभा राहिलो. दोन्ही हात चौकटीवर.

"बागूल, टब रिकामा नाही."

"कोणाचा आला आधी?"

आतून मृणालचा आवाज आला, मोठा. सगळ्यांनी ऐकला. झांजा थांबल्या.

"माझी मुलगी बाळंत होते आहे," मी म्हणालो. "आत. टबात. तो टब विसर्जनासाठी कधीच नव्हता, मी खोटं बोललो. काही झालं तरी हे दार उघडणार नाही."

बागुलांनी हातातल्या गणपतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग मागे वळून ते कुजबुजले, "सगळे बाहेर. आवाज नको. अरे चिंटू, ती झांज दे इकडे."

सगळे अंगणात जाऊन बसले. फरशीवर, पायऱ्यांवर, कुंपणाच्या कट्ट्यावर. मांडीवर गणपती. जोशीकाकू पुटपुटत होत्या. मी दाराला पाठ लावून उभाच होतो.

फार वेळ लागला नाही. मृणालला कधीच लागत नाही.

आतून एक बारीक, तक्रारीचा आवाज आला. मग मोठा रडण्याचा. मग विहीणबाईंचा, "पोरगी हाय सर, लय गोड हाय. बऱ्या हायेत दोघी."

मी जागीच खाली बसलो. अंगणात आधी कुणाला काय करावं सुचेना. मग बागूल उभे राहिले, आणि अशा वेळी त्यांच्या तोंडात जे एकच येऊ शकत होतं ते त्यांनी म्हटलं.

"गणपती बाप्पा..."

"मोरया," सगळी कॉलनी म्हणाली. "पुढच्या वर्षी लवकर या."

बंद दाराच्या आतून मृणालचा आवाज आला, थकलेला पण स्पष्ट.

"बाबा, त्यांना सांगा, लवकर नको म्हणावं."