परब इन्स्पेक्टर आणि माझं मणगणं

आरोग्य खात्यातले परब इन्स्पेक्टर आजारी माणसाकडे आधी बघायचेच नाहीत. मांडवातला एखादा ठणठणीत माणूस हेरायचे आणि त्याचीच उलटतपासणी घ्यायचे, "तू काय खाल्लंस नाय, ता सांग."

सर्वण गावच्या त्या लग्नात जेवणाचा कंत्राटदार मी होतो. भांडी घासण्यापासून वर आलेला माणूस. नाव हीच माझी इस्टेट. पंगत उठून दोन तास झाले नाहीत, तोच अर्धा मांडव ओकू लागला. नवरीच्या मामाने दृष्ट काढली. सरपंचांनी विहिरीवर संशय घेतला, कारण विहीर विरोधकांच्या वाड्यावर होती. मी लाटंबार्शातल्या माझ्या प्रतिस्पर्ध्याचं नाव घेतलं. एवढे विद्वान जमलेले असताना परब मात्र एका मधुमेही आजोबांशी बोलत बसले. आजोबांनी सगळं चापलं होतं, फक्त मणगणं, म्हणजे चणाडाळीची नारळाच्या रसातली गोड खीर, सोडून. वऱ्हाडाच्या बसचा गोड न खाणारा ड्रायव्हरही धडधाकट होता.

"मणगणा कोणी केला?"

"मीच, साहेब. पहाटे. झाकून ठेवलं होतं, माशी बसू दिली नाही."

"म्हणजे दुपारपर्यंत उबेत. आणि नारळ?"

नारळ खवणाऱ्या बाईशी माझं मजुरीवरून वाजलं होतं. ती तडक निघून गेली. मग हट्टाने मीच खवले.

"हात बघू."

चिंधी सोडली. आठवड्यापूर्वी विळीने कापलेलं बोट पिकलं होतं.

"पण वाढताना परत उकळलं होतं!"

"जंतू मेले असतीत रे. त्यांनी सोडलेला विख उकळून जाणा नाय."

मी सौदा केला. "अहवालात मणगणं लिहा, बोट नको. हंगाम तोंडावर आहे."

"घासाघीस बाजारात कर."

त्यांनी बोट लिहिलं. माझा हंगाम बुडाला. वास्कोच्या बसमध्येही लोक विचारत, "बोट कसं आहे?" तो राग मी अजून सोडलेला नाही.

दोन वर्षांनी परब माझ्या दारात उभे. "चेडवाचा लगीन आसा. जेवण तुझा." लेकीच्या लग्नाच्या सकाळी त्यांनी माझे हात उलटेपालटे करून पाहिले आणि मणगण्याची पहिली वाटी पंगतीदेखत स्वतः ओरपली. गिऱ्हाईक परतलं. अहवाल बदला म्हटलं, तर म्हणाले, "खरा होता ना ता?"

गेल्या वर्षी परब गेले. बाराव्याचं जेवण माझ्याकडेच होतं. चुली पेटवण्याआधी मी आचाऱ्यांचे हात पाहिले. एकाच्या अंगठ्याला चिंधी होती. त्याला घरी जायला सांगितलं, तर तो पूर्ण मजुरीसाठी अडून बसला.

उभ्या जन्मात पहिल्यांदा मी भाव न पाडता दिली.