आमच्या गेटच्या रंगाचा डबा

चहा आधी घेऊन टाका. हे ऐकल्यावर माझ्या हातचं काही घ्यावंसं तुम्हाला वाटेल की नाही, सांगता येत नाही.

तीस वर्षं शाळेत शिकवलं मी. फळा पुसल्याशिवाय वर्गातून कधी बाहेर पडले नाही. डाग दिसला की माझे हात शिवशिवतात. आणि कुणी चूक करून लपवली, की माझी शिक्षा ठरलेली. 'पुन्हा असे करणार नाही', दहा वेळा लिहून आण. ओळी मी मोजून घ्यायचे.

निवृत्त झाले आणि घरात बसवेना. राहात्याबाहेर एका जुन्या गोदामात काही हौशी माणसं दर रविवारी जमतात आणि छोट्या रेल्वेगाडीचा जुना लाकडी डबा दुरुस्त करतात, असं कळलं. हा डबा कितीतरी वर्षं कुणाच्या मळ्यात पडून होता, त्यात कडबा भरत होते. गेले मी. पगार नाही, उलट चहासुद्धा घरून न्यायचा. पण लाकूड घासताना जी शांतता मिळते ना, ती मला शाळेत तीस वर्षांत मिळाली नव्हती.

तिथले प्रमुख शमुवेल मिस्त्री. उभा जन्म रेल्वेचे डबे दुरुस्त करण्यात गेलेला. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून मला 'बाई' म्हणतात. रविवारी त्यांचं आधी चर्च, मग डबा. म्हणजे आम्ही नऊला यायचो आणि ते अकराला. माझा घात झाला तो या दोन तासांत.

त्या रविवारी डबा धुवायचं काम माझ्याकडे होतं. मागच्या बाजूला एका फळीवर गोणपाटाचा तुकडा खिळ्यांना अडकवलेला. उचलून बघते तर खाली ताटलीएवढा डाग. कडेला हिरवा, त्यात तपकिरी, त्यात करडा, मधोमध तांबूस. मला वाटलं, कुणीतरी ब्रश पुसलाय आणि लाज झाकायला वर गोणपाट लावलंय. बाकी सगळा डबा आम्ही सहा महिने घासून लाकडापर्यंत आणलेला, आणि इथे हा पसारा? घेतला पॉलिश पेपर. घासलं, खाचांत लांबी म्हणजे पुट्टी भरली, वर प्रायमरचा हात मारला. फळी अशी स्वच्छ झाली की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. गोणपाटही झटकून परत लावलं.

अकराला मिस्त्री आले. सगळ्यांना गोळा केलं.

"पुढच्या रविवारी पुन्याहून पटवर्धन साहेब येनार हायती. रंगातले जानकार. डब्याचा पहिला रंग कोनता हुता ते ठरवायचंय. त्यो हाय तिकडं, गोनपाटाखाली. तीन आठवडे ब्लेडनं एकेक थर सोडवलाय मी, मदला सगळ्यात जुना. भाईरून तेवडाच राहिलाय. कोनी हात लावू नका."

माझ्या हातात अजून तो पॉलिश पेपर होता. मी तो हळूच पर्समध्ये सरकवला.

तेव्हाच बोलायला हवं होतं, मलाही कळतं. तोंड उघडलंही होतं. पण बाहेर काय पडलं? "चहा घ्या, मिस्त्री."

पुढचा आठवडा कसा गेला म्हणून सांगू. भाजीत दोनदा मीठ पडलं, तिसऱ्यांदा पडलंच नाही. मोबाईलमधले डब्याचे सगळे फोटो पालथे घातले. त्या फळीचा एकच फोटो निघाला. त्यात मी हसत उभी होते आणि डाग माझ्या डोक्यामागे.

आमचे हे म्हणाले, "अगं, सांगून टाक की. फाशी थोडीच देणार आहेत?"

"तुम्हाला काय कळतंय? त्या डब्याचा रंग मी कायमचा पुसलाय. आता कुणालाच कळणार नाही तो."

हे म्हणताना मला खरंच रडू आलं. डोळे पुसून वर बघते, तर समोर आमचं गेट. तांबूस. थेट त्या डागाच्या मधल्या रंगासारखं.

हसू नका. घाबरलेल्या माणसाचं डोकं असंच चालतं.

रविवारी गोदाम मी उघडते, म्हणून शनिवारी किल्ली माझ्याकडेच असते. दुपारी पिशवीत आमच्या घराला आजवर लागलेले सगळे उरलेले रंग भरले. खिडकीच्या गजांचा हिरवा, दाराचा तपकिरी, कपाटाचा करडा, आणि गेटचा तो तांबूस. कापडाच्या बोळ्यानं एकात एक गोल काढले, वर थोडी धूळ चोळली. कडा बोटानं पुसट केल्या, तर त्या आपोआप जुन्या दिसायला लागल्या.

रविवारी पटवर्धन साहेब आले. त्यांनी भिंग काढलं आणि फळीला नाक लावून पाच मिनिटं उभे राहिले.

"सुंदर," ते म्हणाले. "हा तांबूस आता कुठे मिळत नाही."

राहात्यात मिळतो हो, स्टँडसमोर, मी मनात म्हटलं.

"हाच मूळ रंग. अख्खा डबा याच रंगात करा. मी यावर लेख लिहितो, म्हणजे बाकीच्या ठिकाणचे डबेही असेच रंगवता येतील."

बाकीचे डबे? माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गेटच्या रंगाची अख्खी गाडी धावायला लागली.

मिस्त्री माझ्याकडे वळले. "बाई, तुमचं काय म्हननं? बराबर हाय का ह्यो रंग?"

"हो," मी म्हटलं. मग पटवर्धनांनी लिहायला वही उघडली आणि माझा धीर सुटला. "नाही. तो आमच्या गेटचा रंग आहे. मूळचा मी घासून टाकला, डाग समजून. माझं चुकलं, मिस्त्री."

पटवर्धन भिंग पुसत बसले. मिस्त्री डब्यात चढले, आतल्या बाकाखालची एक फळी काढली आणि म्हणाले, "साहेब, हितं बगा." फळीमागे तसेच थर. आणि सगळ्यात मध्ये तांबूसच, पण कितीतरी गडद, आमच्या गेटचा नव्हेच.

"नमुना दोन जागी ठिवायचा, ही रेल्वेच्या कारखान्याची रीत हाय. एक भाईर, एक आत. भाईरच्याला कोनतरी हात लावतंच," मिस्त्री म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"गेल्या रविवारीच. गोनपाट उलटं लावल्तं तुमी. आन प्रायमरचा वास लपतो व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

"माझ्या पोरीला तुमीच सांगायच्या ना, आपनहून कबूल करायचं म्हनून? वाट बगितली. पन लई उशीर केला तुमी."

त्यांनी खिशातून खडू काढून माझ्या हातात ठेवला. मी मुकाट्यानं गोदामाच्या भिंतीपाशी गेले. 'विचारल्याशिवाय हात लावणार नाही.' वळणदार अक्षरात, ओळीखाली ओळ. लिहून झालं, हात झटकले, मागे वळले.

मिस्त्री बोट फिरवत मोजत होते.

"बाई," ते म्हणाले, "नऊच झाल्यात."