डाव्या काचेवरचा पास

राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर त्याने सव्वीस वर्षं काढली. त्याचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं, बाकी सगळे त्याला ‘डावी काच’ म्हणत. “पास डाव्या काचेवर, तारीख बाहेरच्या बाजूला,” हे तो दिवसातून दोनशे वेळा सांगायचा, आणि दोनशेव्या वेळीही पहिल्यांदाच सांगतोय अशा उत्साहाने.

तो नोकरीला लागला तेव्हा फाटकाशेजारच्या फलकावर नियमांच्या पाच ओळी होत्या. निवृत्त झाला तेव्हा बेचाळीस झाल्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक ह्याच्याच डोक्यातून निघालेल्या. कुणी एका पासवर दोन गाड्या घुसवल्या की फलकावर एक ओळ वाढलीच म्हणून समजा. पार्किंगचा पास न मिळालेले लोक रस्त्याकडेला गाडी सोडून चालत आत जाऊ लागले, तेव्हा तर तो पेटलाच. साहेबांच्या हात धुऊन मागे लागला आणि फाटकापासून तीन किलोमीटरपर्यंत रिकामी गाडी दिसली की उचलून नेण्याचा नियम त्याने मंजूर करून घेतला. साहेब तरी काय बोलणार? उद्यानाची स्वतःची जीप रोज सकाळी आत जायची, तिलाही हा पठ्ठ्या पास फाडायचा. दिवसाचा पहिला पास जीपचा, मग आत साहेब बसलेले असोत नाहीतर साहेबांचे साहेब.

बायकोला मात्र त्याने आत कधीच नेलं नाही. कर्मचाऱ्याच्या नातेवाइकाच्या गाडीला त्याच्या ड्युटीच्या दिवशी पास नाही, ही ओळ त्यानेच घातलेली. सुट्टी सोमवारी, आणि सोमवारी उद्यान बंद. तिथवर बस जात नव्हती. तिने आतलं तळं बघायचं म्हटलं की तो म्हणायचा, “निवृत्त झालो की दोघं जाऊ.” तिने हे वाक्य मनात नीट घडी घालून ठेवलं होतं. तिला दागिने नको होते, परदेश नको होता. एकदा नवऱ्याबरोबर त्या तळ्याकाठी बसायचं होतं, बस्स.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच आठवड्यात बेत ठरला. मेहुण्याची गाडी मागून आणली. आदल्या दिवशीच पासच्या खिडकीवर जाऊन, रांगेत उभं राहून, पास त्याने स्वतःच्या हाताने भरला. बायकोने थर्मासमध्ये चहा घेतला आणि दुखऱ्या गुडघ्यांसाठी खास मऊ तळव्यांच्या चपला घातल्या. वाटेत ती चक्क गुणगुणत होती. ती गुणगुणते हे त्याला ठाऊकच नव्हतं.

फाटकावर त्याच्या जागी आलेली बाई होती. सहा महिने त्यानेच तिला तयार केलं होतं. तिने पास बघितला, मग गाडीची पाटी, मग पुन्हा पास.

“काका, नंबर वेगळा आहे हो.”

“शक्यच नाही.”

त्याने पास हातात घेतला. त्याच्याच गोल अक्षरात, अगदी सुवाच्य, त्यावर उद्यानाच्या जीपचा नंबर लिहिला होता. इतकी वर्षं रोज सकाळी लिहून हाताला तो एकच नंबर पाठ. पासवर पेन टेकलं आणि हाताने मालकाला न विचारता आपलं काम उरकून टाकलं.

“असू दे हो,” बाई हसून म्हणाली. “तुम्हाला कोण अडवणार?” आणि तिने दांडा वर केला.

समोर रस्ता मोकळा होता. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. त्याने गाडी न्यूट्रलवर आणली.

“दांडा खाली घे.”

“अहो!” बायको म्हणाली.

“एकोणिसावी ओळ. नंबर जुळला नाही तर गाडी परत.”

“मग बदलून घ्या ना नंबर.”

“बदल आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत. विसावी ओळ.”

“मी सव्वीस वर्षं थांबलेय.”

“मग आणखी...” म्हणून तो गप्प बसला. त्या दिवसात त्याने केलेलं शहाणपणाचं काम एवढंच.

बायकोने खिडकीतून मान बाहेर काढली. “काय गं, चालत आत जायला पास लागतो का?”

“नाही काकू. पार्किंगचा पास गाडीला. तळं पंधरा मिनिटांवर आहे.”

ती उतरली, थर्मास घेतला आणि गुडघा सांभाळत, मागे न बघता आत गेली. तिच्या मागे जायचं तर गाडी रिकामी राहणार, आणि रिकामी गाडी उचलली जाणार. त्याने गाडी वळवून कडेला घेतली आणि आत बसून राहिला. पहिला अर्धा तास त्याला स्वतःचा अभिमान वाटला. नंतर तिचा राग आला. मग तोही ओसरला आणि नुसती लाज उरली.

ती दोन तासांनी परत आली. चपला चिखलाने भरल्या होत्या, चेहरा उजळला होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्याने विचारलं, “कसं आहे?”

“काय?”

“तळं.”

दारावरचा तिचा हात तिथेच थांबला. आपण काय विचारून बसलो ते त्याच्याही लक्षात आलं, पण तोवर उशीर झाला होता.

“तुम्ही पाहिलंच नाहीये?”

“ड्युटी फाटकावर होती. फाटक सोडता येत नव्हतं.”

“पंधरा मिनिटं, अहो.”

आता ती कडाडणार, म्हणून त्याने मनातल्या मनात उत्तरं जुळवून ठेवली. सव्वीस वर्षांच्या सवयीने ती भराभर जुळलीसुद्धा. पण ती कडाडली नाही. शेजारी येऊन बसली, थर्मासमधला उरलेला चहा झाकणात ओतून त्याच्या हातात दिला आणि सांगू लागली. वळण संपलं की एकदम पाणीच दिसतं, काठावरचे दगड दुपारीही गार असतात, पलीकडच्या झाडांवर पांढरे पक्षी बसतात आणि एक उडाला की सगळेच उडतात. अगदी सावकाश, मध्येच थांबून, “कळतंय ना?” असं विचारत ती सांगत होती, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घरातल्या लग्नाची हकिकत सांगावी तशी.

तो मान हलवत राहिला. जुळवलेल्या उत्तरांपैकी एकही त्याला कामाला आलं नाही.