काडेपेटीची नोंद

कॉलेजात मी सांगून ठेवलं होतं, वडील हजिऱ्याला कंपनीत आहेत. खोटं काहीच नव्हतं. गेटवर सिक्युरिटीत उभे असतात, एवढंच तेवढं सांगायचं राहिलं होतं.

दुसऱ्या वर्षाला सुरक्षा व्यवस्थापन हा विषय लागला आणि सरांनी भेटीसाठी नेमकी तीच कंपनी निवडली. आदल्या संध्याकाळी नवागामच्या आमच्या खोलीत आप्पा बुटांना पॉलिश करत बसले होते. मी म्हणाले, "आप्पा, उद्या गेटवर वळख दावू नका."

"बरं," ते म्हणाले आणि दुसरा बूट उचलला. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

सकाळी आईने गेटजवळच्या मारुतीसाठी माझ्या बॅगेत नारळ आणि एक कागदी पुडी कोंबली. "बापना कामवर पहिल्यांदा जाई ऱ्हायनी, रिकामा हात जाऊ नको. गेटजोडे मारुती शे, अगरबत्ती लाव." बस सुटायची वेळ झाली होती. पुडी उघडून बघायचं मला सुचलं नाही.

गेटवर आप्पांनी चाळीस जणांच्या बॅगा तपासल्या. माझ्या पुडीतून अगरबत्तीबरोबर काडेपेटी निघाली. गॅसच्या कारखान्यात! आम्हाला घ्यायला आलेले सिक्युरिटी ऑफिसर मात्र खूश झाले, त्यांना आयतं उदाहरण मिळालं. "देखो बच्चों, अब गार्ड क्या करेगा।"

आप्पांनी काडेपेटी डब्यात टाकली, रजिस्टर उघडलं आणि परक्यासारखं विचारलं, "नाम?"

मी नाव आणि आडनाव सांगितलं. त्यांनी तेवढंच लिहिलं. मधला रकाना, वडिलांच्या नावाचा, कोरा सोडला.

ऑफिसरांनी वाकून पाहिलं. "ये क्या? आप तो अधूरे फॉर्म पर ट्रकवालों को लौटा देते हो।"

खरंच होतं ते. घरीसुद्धा आमचे शाळेचे फॉर्म आप्पा स्वतः तपासायचे. रकाना रिकामा दिसला की फॉर्म परत. आणि तेच आप्पा सगळ्यांसमोर मान खाली घालून म्हणाले, "भूल गया साब।"

ते काही विसरले नव्हते. शब्द मी घेतला होता, बोलणी ते खात होते. मला माझीच चीड आली.

"लिहा ना आप्पा," मी म्हणाले, आणि माझं पूर्ण नाव सांगितलं, मधल्या त्यांच्या नावासकट, मागच्या रांगेला ऐकू जाईल असं. सगळ्यांच्या नजरा त्यांच्या छातीवरच्या नावाच्या बिल्ल्याकडे गेल्या. ऑफिसर नुसते हसले.

आप्पांनी पेन सावरलं. त्यांचं अक्षर एरवी बारीक, मुंग्यांच्या रांगेसारखं. त्या दिवशी त्यांचं नाव रकान्यात मावलं नाही.