बांधापलीकडचे गाजरगवत

शाळेच्या मैदानावरचे गाजरगवत उपटले, की त्याच्या उग्र, कडवट वासाबरोबर भूकंपानंतरचा एक पावसाळा आठवतो आणि माझे हात खाजू लागतात. मी तेव्हा लातूरला क्लास लावला होता आणि सुट्टीत नव्या वसाहतीतल्या घरी आलो होतो. आमचे शेत मात्र पडलेल्या जुन्या गावाला लागून होते. आई ते स्वच्छ खुरपायची, तरी सोयाबीनमध्ये गाजरगवताची रोपे पुन्हा उगवत. मी तिला सांगितले, की याचे एकेक झाड हजारो बिया टाकते, त्या वाऱ्यापाण्याने पसरतात, म्हणून ते फुलण्याआधी उपटावे. “आपल्या रानात मी फूल दिसूच देत न्हाई. मग बी येतंय कुठून?” तिने विचारले. मी बांधापलीकडे पाहिले. तिथल्या दगडमातीच्या ढिगांवर पांढरी फुले डोलत होती. तिकडे कोणी जात नसे. आमच्या घराच्या ढिगाखालीच माझी धाकटी बहीण गेली होती. माझी नजर कुठे आहे, ते आईने पाहिले. वडील म्हणाले, “राहू दे. तिकडं आता आपलं काय हाय?” आई बराच वेळ बांधावर उभी राहिली. मग हाताला फडके गुंडाळून ती पलीकडे उतरली आणि आमच्या उंबऱ्याशी वाकून एकेक झाड मुळासकट उपटू लागली. मीही तिच्या शेजारी बसून उघड्या हातांनी उपटू लागलो. दिवस मावळताना ती शेजारच्या ढिगाकडे पाहत म्हणाली, “उद्या ह्यांच्या दारातलं काढू. ह्यांचं तर मागं कुणीच न्हाई.” आता वर्गात मुलांना बीजप्रसाराची साधने मी क्रमाने सांगतो, धडा संपतो, तरी हात खाजायचे थांबत नाहीत.