धोट्याच्या लाकडाचा सेल

बायको जाऊन आठ महिने झाले. तिचे फोटो घरात ढिगानं आहेत, आवाज मात्र कुठंच नाही. एका सकाळी चहा ढवळताना ती "अवो" कशी म्हणायची तेच आठवेना. चहा तसाच ठेवला आणि कपाट उपसायला बसलो.

मुलीचा जुना डिजिटल कॅमेरा सापडला. मी कापड कारखान्यात मागाचा जॉबर होतो, बिघडलेले माग लावून द्यायचो. एकदा बायको डबा आणि हा कॅमेरा घेऊन कारखान्यात आली होती, तेव्हा तिनं माझी फिल्म काढली होती. ती कॅमेऱ्याच्या पोटातच होती, वेगळं कार्ड नव्हतं. पण सेल फुगलेला, पार वड्यासारखा. दुकानदार म्हणाला, "काका, ह्यो सेल आता कुटंच मिळत न्हाय. टाकून द्या की."

"तुज्यात मिळत न्हाय म्हन. कुटंच म्हनू नको."

आणखी तीन दुकानांत तेच ऐकलं. शेवटी रेडिओ दुरुस्त करणारा एक म्हातारा भेटला. "सेल कशाला पायजे? मोबाइलचा चार्जर काप. त्यातनं पाच व्होल्ट येत्यात, कॅमेऱ्याला साडेतीन-पावणेचार बास. हे दोन डायोड वायरीत घाल, तेवढं कमी हुतंय. इसरलास तर आतलं समदं जळंल."

जळंल म्हटल्यापासून जिवाला चैन नाही.

माळ्यावर एक जुना धोटा पडला होता. मागावर इकडून तिकडं धावत आडवं सूत टाकतो, तो. लाकूड दगडासारखं. त्यातला तुकडा सेलाच्या जागी बसेल अशा मापानं कापला, कानशीनं घासला. पहिला लहान झाला, फेकला. दुसऱ्याला पितळी पट्ट्या बसवल्या, चार्जरची वायर डाग देऊन त्यांना जोडली. जेवण अर्ध्यावर टाकून उठायचो, डायोड दोनच आहेत ना ते बघून यायचो.

रविवारी मोडनिंबहून मुलगी आली. तिच्यासमोरच लावला. दिवा लागला, भिंग बाहेर आलं. मी कॅमेरा हातात घेतला आणि बंद. परत लावला, उचलला, बंद. आतलं जळालं असंच वाटलं. मग डायोडला शिव्या घातल्या, त्या म्हाताऱ्यालाही घातल्या.

मुलगी वाकून बघत होती. "आप्पा, वायर एवडी ताणून खिडकीच्या गजाला का बांदलीया? मागावरचं सूत हाय व्हय ते?"

जन्मभर ढिलं सूत दिसलं की ताणलं. हातानं इथंही तेच केलं होतं. उचललं की वायर सेलाला ओढत होती. तिनं गाठ सोडली, वायर सैल केली.

चालू झालं. पडद्यावर मी, कपाळाला आठ्या, मागं धडधड. तिची सावलीसुद्धा नाही. मग त्या धडधडीवरनं आवाज आला, "अवो, हिकडं बगा की. हसा जरा. कुनी मारलंय का काय?"

आणि मी म्हणतोय, "बंद कर ते. सेल उतरतोय."

संपलं. तिनं लगेच बंद केलं होतं.

"परत लावू?" मुलीनं विचारलं.

"लाव."

आता सेल उतरायची भीती नव्हती, वीज भिंतीतनं येत होती. दुपारपर्यंत लावत राहिलो. दर खेपेला वाटायचं, ह्या बारीला तरी तो माणूस गप बसंल.