आत्यांचे हातमोजे

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आमच्या घरातलं प्रत्येक लेकरू बारशाला त्यांनीच शिवलेल्या गोधडीवर निजलं. आधी त्या गोधडीवरून हात फिरवणार, एखादी गाठ टोचते का बघणार, मगच लेकराला खाली ठेवू देणार. पण माझी लेक पहिल्या बाळंतपणाला जालन्याला आली, तोवर संधिवातानं आत्यांची बोटं पार वाकडी झाली होती. चिमटीत सुई राहत नव्हती.

"बाजारातून आण एखादी," त्या म्हणाल्या. "माझे हात गेले आता. अन् लेकरूबी माझ्याजवळ देऊ नका, सुटून पडायचं."

इतक्या सहज म्हणाल्या की मला रडूच फुटणार होतं. पण रडण्यापेक्षा चिडणं मला सोपं जातं. "बाजारातली गोधडी या घरात येणार न्हाई," असं ठणकावून मी मस्तगडच्या बाजारातून दोरा आणला आणि ब्लाउज शिवायच्या मशीनवर गोधडी शिवायला बसले.

वर-खाली जुनी सुती पातळं, मध्ये आत्यांचं मऊ लुगडं. थोडं शिवून होतं न होतं तोच सगळं ओझं टेबलावरून खाली घसरायचं आणि कापड मागे ओढलं जायचं. मी दोन्ही मुठींत गच्च पकडून पुढं रेटायचे. मग चुण्या पडायच्या, सुई मोडायची, खांदे भरून यायचे आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा.

आत्या दारातून बघत होत्या. "एवढं आवळून कशाला धरून राह्यलीस? ते काय पळून चाललं का?"

"न्हाई धरलं तर सरकतं ना!" मी खेकसले.

नवरा सळयांच्या कारखान्यात कामाला आहे. संध्याकाळी माझा अवतार बघून त्यानं पिशवीतून हातमोज्यांचा नवा जोड काढून दिला, तळव्यांवर रबराचे ठिपके असलेला. "घालून तर बघ. तेलकट लोखंडसुद्धा निसटत न्हाई यातून."

मी मोजे घातले. डाव्या हाताला बाज ओढून घेतली आणि गोधडीचं ओझं तिच्यावर टाकलं. सुईच्या दोन्ही बाजूंना तळवे नुसते सपाट ठेवले, तर कापड मुकाट्यानं हाताबरोबर यायला लागलं. बोटं आवळायचं कामच नव्हतं.

आणि माझा पाय मशीनच्या मोटारीच्या पायट्यावरच थांबला. बोटं आवळायचीच नसतील तर...

"आत्या, इकडं या जरा."

त्या नको नको म्हणत राहिल्या. वाकड्या बोटांवर मोजे चढवता चढवता आम्ही दोघी घामाघूम झालो. त्यांचा अंगठा मोज्यातल्या भलत्याच बोटाच्या घरात शिरला, तेव्हा त्याच आधी हसल्या. मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं, शेजारी स्टूल घेतलं आणि पायट्यावर पाय ठेवला. पाय माझा, हात त्यांचे.

पहिल्यांदा मी जरा जोरातच दाबलं.

"हळू की! बैल उधळला का तुझा?"

मग जमलं. त्यांचे तळवे पुढं सरकले की मी पायटा दाबायचे, थांबले की सोडायचे. पहिली ओळ चांगलीच वाकडी गेली. मी उसवायला घेतली, तर त्यांनी तळवाच ठेवला तिच्यावर. "राहू दे. माझी हाय ती."

बारशाच्या दिवशी त्यांनी गोधडीवरून हात फिरवला, अगदी पूर्वीसारखा. लेकीनं बाळाला तिच्यावर ठेवलं. मग कुणी काही म्हणायच्या आत आत्यांनी दोन्ही उघडे तळवे गोधडीखाली सरकवले आणि बाळाला गोधडीसकट मांडीवर घेतलं. बाळ झोपलेलंच राहिलं. पडलं तर झेलावं म्हणून मी मात्र पुढं झुकले होते, गोधडीचा काठ दोन्ही मुठींत धरून.

आत्यांनी माझ्या मुठींकडं पाहिलं.

"सोड," त्या हळूच म्हणाल्या. "मी धरलंय."

मी काठ सोडला.